पुडीतले क्षार आणि खिडकीतला मळा



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी "पुडीतले क्षार" असे सांगितले आणि त्यांचा चेहरा किंचित उतरला. काल ज्या व्यासपीठावर संतवाङ्मयाचे निरूपण झाले, त्याच व्यासपीठावर आज खताच्या पुड्या मांडून बसलेला एक निवृत्त मास्तर पाहून तुमच्यापैकी काहींना चुकल्यासारखे वाटले असेल. परंतु मंडळी, आपल्या गावातले वाडे एकेक करून पडत आहेत. आमचाही पडला. त्याच्याबरोबर अंगण गेले, मोरीच्या पाण्यावर वाढणारा अळू गेला, पुदिना गेला. हाती आल्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खिडक्या. त्या खिडक्यांत मूठभर भाजी पिकवायची असेल तर काय करावे, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

आमच्या भाच्याने मला हायड्रोपॉनिक्सचा, म्हणजे मातीविना शेतीचा, एक संच आणून दिला. एक टब, झाकणाला भोके, जाळीची भांडी आणि औषधासारख्या दोन बाटल्या. एकीवर 'अ' आणि दुसरीवर 'ब'. झाडे छान आली, पण बाटल्या संपल्या आणि नव्या बाटल्यांची किंमत ऐकून आमच्या घरून जो शेरा आला तो मी येथे सांगत नाही. मग मी, आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेला माणूस, प्रथमच लेबल वाचायला बसलो. आत होते काय? पाणी आणि त्यात विरघळलेले पाच-सहा साधे क्षार. पाणी आमच्या नळाला येते. मग ते बाटलीत भरून विकत का घ्यावे?

या प्रश्नाची मुळे फार जुनी आहेत. आजच्या बेल्जियममधील व्हॅन हेल्माँट नावाच्या गृहस्थाने भाजून कोरडी केलेली २०० पौंड माती कुंडीत भरली आणि पाच पौंडांचे विलोचे रोप लावून त्याला पाच वर्षे केवळ पाणी घातले. झाड झाले १६९ पौंडांचे. माती घटली सुमारे दोन औंस. हे टिपण त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली छापले गेले. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचेच बनते. तो चुकला. झाडाचा बराचसा देह हवेतल्या कार्बनचा असतो, हे त्याला ठाऊक असणे शक्य नव्हते. पण माझे लक्ष त्या दोन औंसांवर खिळते. त्याने ते तराजूची चूक म्हणून सोडून दिले असतील; आपली सारी पुडी मात्र त्या दोन औंसांतच आहे.

पुढे १६९९ साली इंग्लंडात जॉन वुडवर्डने पुदिना वेगवेगळ्या पाण्यांत वाढवून पाहिला. पावसाचे पाणी, थेम्सचे पाणी, माती कालवलेले पाणी. जितके पाणी गढूळ तितका पुदिना जोमदार! गढूळपणात नेमके काय आहे हे उलगडायला आणखी दीडशे वर्षे लागली. १८६० च्या सुमारास जर्मनीत झाक्स आणि क्नॉप यांनी शुद्ध पाण्यात मोजून क्षार घातले आणि मातीचा कणही नसताना झाडे वाढवून दाखवली. त्या दिवसापासून झाडाचे जेवण तराजूवर आले.

आता हे क्षार मिळतात कोठे? आपल्या महाराष्ट्रात ते फार सोपे आहे. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागाईतदारांना विचारा. ठिबकातून देण्यासाठी ही विद्राव्य खते ते रोज वापरतात आणि त्यांची नावे पाढ्यासारखी म्हणतात: "तेरा-झिरो-पंचेचाळीस", "झिरो-बावन्न-चौतीस". हे आकडे म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे शेकडा प्रमाण. पहिले पोटॅशियम नायट्रेट, आपला जुना सोरा; दुसरे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. तिसरे कॅल्शियम नायट्रेट आणि चौथे मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे एके काळी जुलाबासाठी घेत ते एप्सम मीठ. कृषी सेवा केंद्रात किलोच्या पिशव्या मिळतात. मात्र पिशवी विद्राव्य खताचीच हवी. शेतात फेकायचे दाणेदार मिश्रखत टबात टाकलेत तर तळाशी गाळच गाळ होईल.

पालेभाजीसाठी मी दहा लिटरच्या बादलीला कॅल्शियम नायट्रेट सहा ग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट तीन, मॅग्नेशियम सल्फेट तीन आणि मोनोपोटॅशियम फॉस्फेट दीड ग्रॅम घेतो. बेरीज करा: साडेतेरा ग्रॅम. एका बादलीत फक्त एवढेच! किलोकिलोच्या चार पिशव्यांत वर्षानुवर्षांची बेगमी होते.

सोरा विरघळताना बादलीला हात लावून पाहा, पाणी गार लागते. अकबराच्या दरबारात पाणी थंड करण्यासाठी सोरा वापरीत, असे 'आईन-ए-अकबरी'त नमूद आहे. वर्गात हा प्रयोग मुलांना फार आवडे.

आणि आता माझी फजिती सांगतो, कारण सारी मेख तिथेच आहे. पहिल्या खेपेस मी चारही क्षार एका तांब्यात घेतले, थोडे पाणी घालून ढवळले आणि म्हटले, हे दाट द्रावण आता बादलीत ओतू. तांब्यात ताक झाले! पांढरा साका तळाशी बसला. कॅल्शियमची सल्फेटशी गाठ पडली की जिप्सम होते, फॉस्फेटशी पडली की कॅल्शियम फॉस्फेट. दोन्ही पाण्यात नीट विरघळत नाहीत. तीस वर्षे मी हीच समीकरणे फळ्यावर लिहिली होती, आणि तरीही ते ताक बादलीत ओतले. पंधरा दिवसांत पालकाची कोवळी पाने टोकाशी करपली. 'अ' आणि 'ब' अशा दोन बाटल्या का, ते त्या दिवशी कळले. त्यात कंपनीची लबाडी नव्हती, रसायनशास्त्राचा नाइलाज होता. म्हणून आधी बादली पाण्याने जवळजवळ भरा, एक क्षार घाला, पूर्ण विरघळू द्या, मग दुसरा; कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या भांड्यात भरपूर पाण्यात विरघळवून सर्वांत शेवटी. पातळ द्रावणात ही मंडळी गुण्यागोविंदाने नांदतात. दाट द्रावणात भांडतात.

पाने काय सांगतात तेही वाचता आले पाहिजे. नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडले तर झाड ते जुन्या पानांतून काढून नव्यांना देते, म्हणून खालची पाने पिवळी पडतात. कॅल्शियम आणि लोह मात्र एकदा पानात बसले की सहसा हलत नाहीत, म्हणून त्यांची उणीव शेंड्याला दिसते. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा अशी कोवळी पाने दिसली की लोहाकडे पाहा.

लोहाची गोष्ट अशी की ते लागते फार थोडे, लिटरला सुमारे दोन मिलिग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर हे मोजणार कसे? येथे लहान वजन करण्याच्या फंदात पडूच नये. बारा टक्के लोह असलेले चिलेटेड लोह १७ ग्रॅम घ्या, एक लिटर पाण्यात विरघळवा आणि दहा लिटरच्या बादलीला त्यातले दहा मिलिलिटर घाला. वजनाचे काम मापाने होते. बोरॉनचेही तसेच. कॅरमबोर्डावर टाकतो ती बोरिक पावडर म्हणजे बोरिक ॲसिड; झाडाला ते लिटरमागे जेमतेम तीन मिलिग्रॅम पुरते. अंदाजाने चिमूटभर टाकाल तर अन्नाचे विष होईल. जस्त, तांबे, मँगेनीज आणि मॉलिब्डेनम यांसाठी मी सूक्ष्म अन्नद्रव्यांची तयार पुडी घेतो. त्या पुडीत लोह आणि बोरॉन असतील तर ते पुन्हा वेगळे घालायचे नाहीत. सारेच घरी करण्याचा हट्ट मला शहाणपणाचा वाटत नाही.

पाण्याविषयी दोन शब्द. बोअरचे जड पाणी असेल तर द्रावणाचा सामू चढतो आणि साधे चिलेटेड लोह निकामी होऊ लागते. साडेपाच ते साडेसहा सामू ठीक. बाजारात मिळणारा टीडीएस मीटर उपयोगी आहे, पण त्याची मर्यादा ओळखा. या सभागृहात किती माणसे बसली आहेत एवढेच तो सांगेल; कोण बसले आहे ते सांगणार नाही.

काही जण विचारतात, "मास्तर, हे रासायनिक! शेणखताचे पाणी का नाही?" मी तेही करून पाहिले. जीवामृत टबात ओतले आणि तिसऱ्या दिवशी शेजारी वास घेत दारात आले. शेणखत ही मातीची दौलत आहे. मातीतले जंतू त्यातला नत्र सोडवून मुळांना देतात. बंद टबात ती यंत्रणा नसते, नुसते कुजणे होते. आणि मुळाशी पोहोचलेले नायट्रेट गोठ्यातून आले की पिशवीतून, हे झाड विचारत नाही.

म्हणून मी या विद्येचा भाट आहे असे समजू नका. कॅलिफोर्नियात बर्कली येथे गेरिक यांनी १९२९ च्या सुमारास टबातल्या द्रावणावर माणसाहून कितीतरी उंच टोमॅटो वाढवले आणि १९३७ साली 'हायड्रोपॉनिक्स' हा शब्द रूढ केला. वर्तमानपत्रांनी त्याचा इतका गवगवा केला की लोक विद्यापीठाकडे चौकशा करू लागले. तेव्हा त्याच विद्यापीठातील होगलँड आणि आर्नन यांनी १९३८ साली एक पत्रक काढले. द्रावणाची कृती त्यांनी सर्वांना उघड करून दिली आणि त्याबरोबर हेही सांगितले की चांगल्या जमिनीपेक्षा यात काही चमत्कारिक उत्पन्न येत नाही. कृती फुकट आणि आशेला लगाम, असे पत्रक आजही घरोघर वाटावे! घराच्या गच्चीवर लाखोंचे उत्पन्न म्हणून जी शिबिरे चालतात, तेथे पैसे भरण्यापूर्वी तरी ते आठवावे.

आपल्या देशातही हे नवे नाही. शोल्टो डग्लस यांनी १९४६-४७ मध्ये कालिंपाँगकडे प्रयोग केले आणि १९५१ साली 'बंगाल पद्धती'वर पुस्तक लिहिले. त्यात पंप नाही, नळ्या नाहीत. खडी आणि वाळूच्या वाफ्यात कोरडे क्षार ओळींमधून शिंपडायचे आणि वर झारीने पाणी द्यायचे. गरिबाला परवडेल असा तो विचार होता, आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

खिडकीत मात्र खरी टंचाई क्षारांची नसते, उजेडाची असते. उजेड कमी आणि नायट्रेट भरपूर असले की पालेभाजी ते पानांत साठवते, आणि ते खाणाऱ्याला हितकारक नाही. म्हणून अंधाऱ्या खिडकीत द्रावण निम्म्या ताकदीचे ठेवा, जवळ एलईडी दिवा लावा, आणि भाजी सकाळऐवजी दिवसभराच्या उजेडानंतर संध्याकाळी कापा. मुळांना हवाही हवी. टब काठोकाठ भरू नका. पाणी उतरत जाईल तशी वरची मुळे हवेत राहू द्या.

शेवटी साठवणुकीविषयी. पावसाळा तोंडावर आहे. कॅल्शियम नायट्रेट हवेतले पाणी ओढते. पिशवी उघडी राहिली तर चिखल होतो आणि मग तुम्ही क्षाराऐवजी पाणीच तोलता. घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. नायट्रेटे शेगडी, रॉकेल आणि गंधक यांपासून दूर ठेवा. बरणीवर ठळक नाव लिहा, आणि ती स्वयंपाकघरात मुळीच नको. कॅल्शियम नायट्रेटचे दाणे पांढरे, गोल, थेट साबुदाण्यासारखे दिसतात. आमच्याकडे ती बरणी आषाढी एकादशीच्या आदल्या रात्री साबुदाण्याच्या डब्याशेजारी सापडली, भिजत घालायला पातेले काढलेले असताना. तेव्हापासून ती माझ्या पुस्तकांच्या कपाटात कुलूपबंद असते, आणि किल्ली आमच्या घरच्यांकडे.