कॉर्डोव्ह्याची मशीद आणि तिच्यांतील कॅथेड्रल

स्पेनच्या दक्षिणेस, ग्वादल्किवीर नदीच्या तीरावर, कॉर्डोव्हा हें प्राचीन शहर आहे. तेथील जुन्या मशिदींत पाऊल टाकतांच खांबांचें जणूं अरण्यच समोर उभें राहतें. आणि त्या अरण्याच्या मध्यभागीं एक उंच ख्रिस्ती कॅथेड्रल दृष्टीस पडतें. एका वास्तूच्या पोटांत ही दुसरी वास्तू आली कशी?

उमय्या घराण्यांतील पहिल्या अब्दुर्रहमाननें इ. स. ७८५ च्या सुमारास ही मशीद बांधावयास घेतली. खांब जुन्या रोमन व व्हिसिगॉथ इमारतींतून आणलेले. विशाल दालनाला त्यांची उंची पुरेना. तेव्हां कारागिरांनीं कमानीवर कमान रचली : खालची घोड्याच्या नालेसारखी, वरची अर्धवर्तुळाकार. तांबड्या विटा व पांढरा दगड आळीपाळीनें बसविले. अडचणींतूनच शोभा निर्माण झाली. पुढील दोन शतकांत मशीद तीन वेळां वाढली. परंतु प्रत्येकानें हीच रचना पुढें चालविली. दुसऱ्या हकमच्या काळांतील मेहराबावर तर बायझंटाइन पद्धतीचें सोनेरी जडावकाम झळकतें.

१२३६ मध्यें राजा तिसरा फर्डिनंड यानें शहर जिंकलें आणि मशिदीचें ख्रिस्तमंदिर झालें. जवळजवळ तीन शतकें लहानसहान फेरबदलांवरच भागलें. १५२३ मध्यें मात्र बिशप आलोन्सो मान्रीके यानें मधले खांब काढून तेथें नवें कॅथेड्रल उभारण्याचें ठरविलें. नगरसभेनें कडवा विरोध केला. पाडकामास हात लावणाऱ्या कारागिरास देहदंडाची धमकी दिली. हे विरोधक स्वतः ख्रिस्तीच होते! अखेर सम्राट पांचव्या चार्ल्सचा कौल बिशपच्या बाजूनें पडला. एर्नान रुईस याच नांवाच्या तीन पिढ्या या कामावर खपल्या; तें १६०७ मध्यें संपलें. जुना मनोराही घंटाघराच्या दगडी कवचांत गेला.

हानि झाली, हें उघड आहे. परंतु सेव्हिल येथें १५ व्या शतकांत मशीद पाडूनच नवें कॅथेड्रल बांधलें; मुख्यतः मनोरा आणि संत्र्यांचें प्रांगण तेवढें उरलें. कॉर्डोव्ह्यांत मात्र आजही साडेआठशेंच्या वर खांब उभे आहेत. उपासना बदलली तरी ती अखंड चालू राहिली, म्हणूनच छप्पर वेळोवेळीं दुरुस्त झालें आणि भिंती टिकल्या. ज्यानें या वास्तूचें हृदय कापलें, त्याच वापरानें तिचें शरीर राखलें.