छंद म्हणे
गंगाखेडचा एक पोरगा मला विचारतो, चामड्यावर नक्षी कोरायचा छंद लावून घेऊ का?

घे की! पण कातडं बाभळीच्या सालीत, हिरड्यात कमावलेलं घे. क्रोमच्या कातड्यावर ठसा नीट बसत नाही. ओलं कर, मूळ रंग परतू लागला की रेघ काप, मग ठोक. आपल्यातल्या ढोरानं हे कातडं कमावलं, चांभारानं कापलं. त्याला कुणी छंद म्हटलं नाय, जात म्हटलं.

२०१९ ला कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२५ मध्ये प्राडानं मिलानला तसलीच चप्पल मिरवली, कारागिराचं नावबी न घेता. बोंब झाली तेव्हा कबूल केलं.

ढोरं ओढायला बोलावलं तर जाऊ नको. नक्षी मात्र कोर, खाली स्वतःचं नाव कोर. अन् पाटलानं फुकट मागितली तर आधी दाम सांग.