चंदनाचा मारेकरी

श्रोतेहो, रहस्यकथेचा साचा आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. एक जुने नांदते घर असते. घरात एखादी मोलाची वस्तू असते. तिच्यापायी भाऊबंदकी धुमसत असते. आणि एके दिवशी घरात मृत्यू घडतो. मग शोधक येतो, संशयितांना एकेक करून तपासतो आणि अखेरीस, ज्याच्याकडे कोणाची दृष्टी वळली नव्हती, तोच अपराधी ठरतो. आज मी आपणांस अशीच एक हकीकत सांगणार आहे. ती कल्पित नाही. तिचे स्थळ बंगळूर आणि त्याच्या भोवतीचा जुन्या म्हैसूर संस्थानाचा मुलूख. आणि तीत मरण येते ते चंदनाला.

आपल्या देवघरातील सहाणेवर जे खोड आपण उगाळतो, तो चंदनाचा गाभा होय. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला वास नसतो. सुगंध असतो तो आतल्या गाभ्यात, आणि तो तयार होण्यास झाडाला अनेक वर्षे जगावे लागते. या सुगंधामुळेच 1792 साली टिपू सुलतानाने चंदन हा राजवृक्ष ठरविला. पुढे म्हैसूरच्या राजांनीही ही मक्तेदारी चालू ठेवली. पहिल्या महायुद्धात युरोपकडे जाणारे लाकूड अडकून पडले, तेव्हा विश्वेश्वरय्या दिवाण असताना, 1916 साली, बंगळूरमध्येच चंदनतेल काढण्यास आरंभ झाला. या वृक्षावर संस्थानाची तिजोरी भरत होती.

पण त्याआधीच, 1899 साली, शेजारच्या कोडगूत एक विचित्र मरण दृष्टीस पडले होते. निरोगी चंदनाची पाने लहान होत जात, अरुंद आणि ताठ होत, फांदीवर दाटीवाटीने काट्यांसारखी उभी राहत. झाडाला फळ धरेनासे होई आणि दोन-तीन वर्षांत ते वाळून जाई. इंग्रजीत या रोगाला ‘स्पाइक’ हे नाव पडले. पुढे म्हैसूरच्या जंगलांतही झाडे मरू लागली. मारेकऱ्याचा मात्र मागमूस नव्हता.

पहिला संशय गेला तो घरच्या मंडळींवर. चंदन हे दिसते तसे स्वावलंबी झाड नाही. पाने हिरवी असल्याने ते आपले अन्न करते खरे, परंतु जमिनीखाली त्याची मुळे शेजारच्या झाडाझुडपांच्या मुळांना चिकटतात आणि त्यांच्यातून पाणी व क्षार ओढून घेतात. म्हणजे हे कुटुंब एकाच्या जिवावर दुसऱ्याने जगण्याचे. डेहराडूनचे वनस्पतिशास्त्रज्ञ होल यांचे मत असे होते, की आधार देणाऱ्या शेजाऱ्यांशी संबंध बिघडला की चंदनातील रसाचा तोल ढळतो आणि ते मरते. घाणेरीच्या माजलेल्या झुडपांवरही बोट रोखले गेले. थोडक्यात, हा भाऊबंदकीतला खून आहे, असा तर्क होता.

तो तर्क टिकला नाही. म्हैसूरच्या शेतकी खात्यातील कोलमन यांनी 1917 साली दाखवून दिले, की रोगट झाडाचे कलम निरोगी झाडावर बांधले असता रोग त्यालाही जडतो. म्हणजे अपराधी बाहेरचा होता आणि एका झाडातून दुसऱ्यात शिरत होता. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत श्रीनिवासय्या आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे त्याच्या मागावर राहिले. तो विषाणू असावा, असे बहुतेकांनी धरले. पुढे 1967 साली जपानी शास्त्रज्ञांना तुतीच्या रोगात एक निराळाच, भित्तिकाहीन सूक्ष्म जीव आढळला; आणि 1969 साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तसाच जीव रोगट चंदनाच्या अन्नरसवाहिन्यांत दिसला. आज त्याला फायटोप्लाझ्मा म्हणतात. शोधाला सत्तर वर्षे लागली.

येथे कथा संपावयास हवी होती. परंतु अपराधी सापडल्यावरही चंदन मरतच राहिले, आणि 1998 साली जागतिक यादीत त्याची नोंद संकटग्रस्त वृक्षांत झाली. त्याला मारणारा दुसराही कोणी होता, आणि तो लपलेला मुळीच नव्हता.

तो होता त्याचे मोल, आणि त्या मोलाला जोडलेला कायदा. आपल्या बांधावर आपोआप उगवलेले चंदन शेतकऱ्याचे नव्हते. ते सरकारचे होते. तोडणीनंतर काही मोबदला मिळे, परंतु झाड चोरीस गेले की चौकशीचा ससेमिरा त्याच्याच मागे. असे धन दारात कोण वाढू देईल? रोप दिसताच उपटून टाकणारे शेतकरी होते, ते त्यामुळेच. जंगलात जे उरले, ते चोरांच्या कुऱ्हाडीखाली आले. या लाकडापायी माणसेही मेली. पी. श्रीनिवास या वनाधिकाऱ्यास वीरप्पनने शरण येण्याचे आमिष दाखवून बोलाविले आणि 10 नोव्हेंबर 1991 रोजी त्यांची हत्या केली. वीरप्पन स्वतः 18 ऑक्टोबर 2004 रोजी पोलिसांच्या गोळीस बळी पडला. त्याच्या मरणाने चंदनाची चोरी थांबली नाही. बंगळुरातील बंगल्यांच्या आवारांतूनही रातोरात झाडे कापून नेली जातात.

कर्नाटकाने 2001 साली कायदा बदलला आणि ज्याच्या जमिनीत चंदन, तो त्याचा धनी, हे मान्य केले. टिपूच्या आज्ञेनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी! तेव्हापासून शेतकरी हे झाड हौसेने लावू लागले आहेत. तोडणीस परवानगी लागते आणि राखण तर डोळ्यांत तेल घालून करावी लागते. पण उपटणारा हात आता लावणारा झाला आहे.

श्रोतेहो, सूक्ष्म जीव शोधण्यास सूक्ष्मदर्शक लागला. दुसरा अपराधी मात्र उघड्या डोळ्यांना दिसत असूनही आपण त्याला दोनशे वर्षे संशयितांत धरले नाही. चंदनाला जगावयास शेजाऱ्यांची मुळे लागतात. आपण त्याचा शेजाऱ्यांशी असलेला, म्हणजे ज्या माणसाच्या अंगणात ते उगवते त्याच्याशी असलेला, संबंधच तोडून टाकला होता. उद्या सहाणेवर खोड उगाळताना एवढे स्मरावे, की परोपकारासाठी झिजणारे म्हणून ज्या झाडाचे आपण गोडवे गातो, त्यालाही कोणाचे तरी होऊन राहावे लागते.