सकाळचा हिरवा पेला

सह्याद्रीच्या ज्या डोंगरांतून पांझरा नदी खानदेशात उतरते, त्यांच्या पायथ्याशी साक्री तालुक्यातील पिंपळनेर हे गाव वसले आहे. गावच्या बाजारात हिवाळ्याच्या दिवसांत नुसता फेरफटका मारला, तरी मेथी, पालक, शेपू, चवळई, कोथिंबीर यांच्या जुड्यांचे ढीग दृष्टीस पडतात. पूर्व खानदेशातील रावेर-यावलकडची केळी आहेतच. ‘जळगाव केळी’ या नावाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पेरू, पपई, डाळिंब, आवळा ही फळे आपापल्या ऋतूत येतात आणि जातात. सारांश, पृथ्वीने या मुलुखाला हिरव्या पाल्याचे व फळांचे दान देताना हात आखडता घेतलेला नाही.

परंतु बाजारातून घरात आलेले अन्न घरातील प्रत्येकाच्या मुखी सारख्याच प्रमाणात पडते, असे मात्र नाही. पालेभाजी जी निवडते, धुते, चिरते आणि फोडणीला टाकते, तीच बहुधा सर्वांच्या मागून जेवावयास बसते; आणि त्या वेळी कढईच्या तळाशी जे उरले असेल तेवढ्यावर तिची भाकर लागते. फळाची गोष्टही तशीच. ते मुलांना चिरून दिले जाते, पाहुण्यांपुढे ठेवले जाते, आजाऱ्याच्या उशाशी जाते. घरच्या गृहिणीच्या वाट्याला आले तर आले. हा प्रकार खेड्यापुरताच आहे असेही नाही. धुळे, नाशिक, पुणे येथील सुशिक्षित घरांतही सकाळची घाई अशी असते की, डबे भरून होईपर्यंत गृहिणीच्या पोटात चहावाचून दुसरे काही गेलेले नसते.

याचे परिणाम आकड्यांत दिसतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५७ स्त्रियांच्या अंगी रक्त कमी आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण शेकडा ५४ होते. त्याच वयाच्या पुरुषांत, देशभर, ते शेकडा २५ होते. या अंतराची कारणे अनेक आहेत. स्त्रीचा देहधर्म हे त्यांतील एक. परंतु ताटातील वाटणी हेही एक कारण आहे, हे नाकारता येणार नाही.

या पार्श्वभूमीवर, हल्ली शहरांतून ज्याला ‘स्मूदी’ म्हणतात त्या पेयाकडे पाहिले, तर त्याची नवलाई थोडी कमी होते आणि उपयोग मात्र अधिक स्पष्ट होतो. फळ आणि हिरवा पाला कच्चाच बारीक वाटून, न गाळता, पेल्याने पिणे, एवढाच त्याचा अर्थ. वाटण्याची कला मराठी घराला कोणी शिकवावी लागत नाही. केळ्याची शिकरण, कैरीचे पन्हे, पाट्यावरची कोथिंबिरीची चटणी ही सारी याच कुळातील. यंत्र तेवढे मागाहून आले. १९२२ साली अमेरिकेत स्टीफन पोप्लॉव्स्की याने दुधाची थंड पेये घुसळण्यासाठी भांड्याच्या तळाशी फिरते पाते बसविले. आणि ओले खोबरे, डाळी व मसाले यांचे आपल्याकडील वाटण पेलू शकेल असा ‘सुमीत’ मिक्सर १९६०नंतरच्या दशकात मुंबईत तयार होऊ लागला. आज पिंपळनेरच्या घरांतही मिक्सर आहे. ज्या घरी नसेल तेथे पाटा-वरवंटा आहेच, आणि त्याने काम अडत नाही. वेळ मात्र अधिक लागतो.

आता या पेल्यापासून नेमके काय मिळते, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे. कारण हिरव्या रंगाला भुलून त्याला संजीवनी मानणारे पुष्कळ आहेत. ‘पालक खा म्हणजे रक्त वाढते’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. शंभर ग्रॅम पालकात लोह असते सुमारे ३ मिलिग्रॅम. पेल्यात जो पाला पडतो तो मूठभर, म्हणजे फार तर तीस ग्रॅम. त्यातून लोह मिळणार १ मिलिग्रॅमच्या आतच. शिवाय पालकातील काही द्रव्ये त्यातील बरेचसे लोह शरीरास घेऊ देत नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीच्या रोजच्या आहारात २९ मिलिग्रॅम लोह असावयास हवे. तेव्हा केवळ पालकाच्या भरवशावर हा हिशेब कधीच जुळणार नाही.

मग पेल्याचा उपयोग तो काय? तो आहे फळांच्या आंबटपणात, किंबहुना त्या आंबट फळांबरोबर येणाऱ्या ‘क’ जीवनसत्त्वात. धान्यातील आणि पाल्यातील लोह शरीरास सहजासहजी घेता येत नाही. त्याच वेळी पोटात ‘क’ जीवनसत्त्व असेल, तर ते अधिक प्रमाणात शोषले जाते. खानदेशच्या ताटात लोहाचा खरा साठा आहे तो बाजरीच्या भाकरीत. शंभर ग्रॅम बाजरीत पालकाच्या दुपटीहून थोडे अधिकच लोह असते, आणि भाकर मुठीने नव्हे, तर पोटभर खाल्ली जाते. म्हणून हिरवा पेला हा भाकरीच्या ऐवजी घ्यावयाचा नसून भाकरीच्या सोबत घ्यावयाचा आहे. न्याहारी सोडून नुसत्या पेल्यावर राहणारी व्यक्ती लोहाचा मोठा साठा बाजूला सारते आणि तो उघडण्याची किल्ली तेवढी गिळते, असे म्हणावयास हरकत नाही.

यावरून आणखी दोन गोष्टी निघतात. पहिली चहाची. चहातील तुरट द्रव्ये लोहाला बांधून ठेवतात. यास्तव न्याहारी आणि चहा यांत निदान तासाभराचे अंतर असावे. दुसरी दुधाची. दूध हे उत्तम अन्न आहे, परंतु त्यातील चुना लोहाच्या शोषणास काहीसा आड येतो. म्हणून या पेल्यात दूध, दही वा मलई न घालता तो केवळ वनस्पतींचाच ठेवावा, आणि दूध रात्री घ्यावे. दाटपणासाठी आणि चवीसाठी खानदेशात भुईमूग व तीळ यांना तोटा नाही. पाल्यातील ‘अ’ जीवनसत्त्वाचे मूळ द्रव्य अंगी लागण्यास थोडी स्निग्धता लागते. तीही त्यांतून मिळते.

कृती अशी आहे. दोन पेल्यांसाठी कोवळ्या पालकाची वीसेक पाने, एक पूर्ण पिकलेले केळे, एक मध्यम आवळा, रात्री भिजत घातलेले दहा-बारा शेंगदाणे, आल्याचा लहानसा तुकडा, चिमूटभर मीठ व भाजलेल्या जिऱ्याची पूड, आणि दीड पेला पिण्याचे पाणी घ्यावे. आवळ्याची बी काढून त्याच्या फोडी कराव्या. प्रथम पाला, शेंगदाणे, आवळा व आले अर्ध्या पाण्यासह अगदी बारीक वाटावे. पाल्याचा तुकडा जिभेस लागता कामा नये. मगच केळे व उरलेले पाणी घालून पुन्हा क्षणभर फिरवावे. सारे एकदम टाकल्यास केळ्याचा लगदा होतो आणि पाला दोऱ्यादोऱ्यांनी तसाच राहतो. केळ्याच्या सालीवर तपकिरी ठिपके पडले असले म्हणजे साखरेची वा गुळाची गरज लागत नाही. पहिल्या काही दिवशी पाला थोडा आणि फळ अधिक ठेवावे. जीभ सरावली म्हणजे पाला वाढवावा.

वाटलेले गाळू नये. गाळले की चोथा जातो, आणि चोथा हाच पोट साफ ठेवणारा व फळातील साखर रक्तात हळूहळू जाऊ देणारा भाग होय. वाटून ठेवू नये. हवा लागताच रंग काळवंडतो आणि ‘क’ जीवनसत्त्वही कमी होत जाते. म्हणून वाटावे तेव्हाच प्यावे.

ऋतूप्रमाणे घटक बदलावे. आवळा हिवाळ्याचा. एका मध्यम आवळ्यात प्रौढ स्त्रीस दिवसाकाठी लागणारे ६५ मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व जवळजवळ सगळेच मिळून जाते. आवळा सरला की पपई, थोडा पुदिना आणि अर्धे लिंबू. उन्हाळ्यात पिकलेला आंबा आणि लिंबू. पावसाळ्यात पालेभाजी चिखलाने भरलेली येते आणि ती कच्ची खाणे धोक्याचे असते. त्या दिवसांत परसातील शेवग्याचा कोवळा पाला मूठभर घेऊन अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात बुडवावा आणि मग वाटावा. उकळत्या पाण्याने थोडे जीवनसत्त्व जाते खरे, परंतु रोगजंतूही जातात. आणि फळाचे जीवनसत्त्व कायमच राहते.

कच्च्या पाल्याविषयी निष्काळजीपणा मुळीच चालावयाचा नाही. शिजवताना अग्नी ज्या चुका पोटात घालतो, त्या येथे आपल्या पोटात जातात. देठ काढून प्रत्येक पान वाहत्या पाण्याखाली दोन्ही अंगांनी धुवावे, निदान तीन पाणी बदलावे, आणि वाटण्यासाठी उकळून निवविलेले पाणीच वापरावे. विषमज्वर व जंत यांचा मार्ग पुष्कळदा अशाच न धुतलेल्या पानावरून जातो.

कोणता पाला कच्चा घ्यावयाचा याचेही भान हवे. पिंपळनेरच्या पलीकडे डोंगरात बारीपाडा नावाचे आदिवासी गाव आहे. तेथील रहिवाशांनी श्री. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने उजाड झालेले रान राखून पुन्हा उभे केले, आणि २०२५ साली श्री. पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या गावी २००४ सालापासून वनभाज्यांच्या पाककृतींची स्पर्धा भरत आली आहे. तेथील स्त्रियांची विद्या मोलाची आहे ती एवढ्यासाठी की, कोणती भाजी कोवळी असतानाच घ्यावी, कोणती उकडून तिचे पाणी टाकून द्यावे, कोणती चिंचेवाचून शिजवू नये, हे त्या नेमके जाणतात. अळूचे पान कच्चे खाल्ले तर घसा खाजतो, हे तर शहरातही सर्वांस ठाऊक आहे. तेव्हा रानभाजी रानातल्या जाणत्या हातांनी शिजवलेलीच खावी. कच्च्या पेल्यात ओळखीचाच पाला पडावा.

काही व्यक्तींनी वैद्याच्या सल्ल्याखेरीज हा पेला रोज घेऊ नये. ज्यांस मूतखड्याची खोड आहे त्यांना पालक वर्ज्य नसला तरी मोजकाच असावा. मधुमेह्यांनी केळे व आंबा यांचे प्रमाण विचारून ठरवावे. रक्त पातळ ठेवण्याचे औषध ज्यांस चालू आहे, त्यांच्या औषधाच्या मात्रेवर पाल्याचा परिणाम होऊ शकतो. आणि ज्या स्त्रीचे रक्त तपासणीत कमी आढळले आहे, तिने डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या पेल्याच्या भरवशावर कदापि सोडू नयेत.

नव्या पदार्थाला घरात शिरकाव मिळणे सोपे नसते. एखाद्या सुनेने सकाळी हा हिरवा पेला पुढे केला, तर सासूबाई अहिराणीत ‘हाई काय शे?’ असे विचारल्यावाचून राहणार नाहीत. ‘पालकाची शिकरण आहे, आत्याबाई, दूध तेवढे घातलेले नाही,’ असे उत्तर मिळाले, तर त्या हसतील आणि एक घोट घेतीलही. ओळखीच्या नावाने आलेले अन्न लवकर ओळखीचे होते.

मात्र एक नियम घराने जाणूनबुजून पाळावा. वाटण तयार झाले की पहिला पेला तिने स्वतःसाठी भरावा, आणि तो भाकरीच्या तुकड्यासह बसून घ्यावा. उरलेले मग सर्वांना. ज्या घरातील पुरुष आणि मुले हे आपण होऊन घडवून आणतील, त्या घराने या पेल्याचा निम्मा गुण तेथेच मिळविला. उरलेला निम्मा पाला, फळे आणि बाजरी यांच्याकडे आहे. आणि ती तिन्ही खानदेशच्या बाजारात माफक दामात मिळतात.