आधी पाणी तयार करा, मग मासे आणा

आज बोलायचंय शोभिवंत माशांबद्दल, म्हणजे काचेच्या टाकीत ठेवतात त्या रंगीत माशांबद्दल. आमच्या प्रभागातल्या काही गटांनी हा धंदा करायचं मनावर घेतलंय. घरच्या पडवीत होतो, चारा कापायला जावं लागत नाही, उन्हातान्हात राबावं लागत नाही, म्हणून बायकांना तो आवडतो. पण यात अगदी पहिल्या आठवड्यातच एक चूक होते. ती आम्ही स्वतः करून बसलो, त्यामुळे ऐकीव काही सांगत नाही.

आमच्या गटाने अंतर्गत कर्जातून तीन टाक्या घेतल्या. एका वहिनींची पडवी मोठी आणि सावलीची, म्हणून त्यांच्याकडे मांडल्या. शनिवारी टाक्या आल्या, धुतल्या, पाणी भरलं, हवेचा पंप लावला. रविवारी तालुक्याच्या दुकानातून 60 मासे आणले आणि सोडले. टाकी किती दिवसांची आहे हे दुकानदाराने विचारलं नाही, आणि ते सांगायचं असतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. सोमवारी मासे छान फिरत होते. मंगळवारी पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकायला लागले. गुरुवारी 11 उरले.

पुढची बैठक कशी झाली असेल हे तुम्हाला सांगायला नको. कुणी म्हणालं दुकानदाराने आजारी मासे दिले, कुणी म्हणालं पाण्यात टीसीएल जास्त पडलं होतं. शेवटी सगळ्यांचं बोट वहिनींकडे गेलं, की तुम्ही खाणं जास्त घातलंत, तुमच्या हाताला गुण नाही. त्या पुढच्या दोन बैठकांना आल्याच नाहीत. बचत मुलीच्या हातून पाठवायच्या.

मासे कशाने मेले ते नंतर कळलं. मासे पाळणाऱ्या एका ओळखीच्या मुलाने पाणी तपासायच्या थेंबांची बाटली आणली. उरलेल्या टाकीतल्या पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग यायला हवा होता, तो गर्द हिरवा आला. म्हणजे पाण्यात अमोनिया साचला होता. टीसीएलचा दोष असता तर मासे त्याच दिवशी, काही तासांत गेले असते. आमचे दोन दिवस चांगले होते आणि मग हळूहळू गेले. पाणी मात्र शेवटपर्यंत आरशासारखं स्वच्छ दिसत होतं, त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही.

अमोनिया म्हणजे काय? पहाटे बंद गोठ्यात शिरलं की डोळ्यांना झोंबतो ना, तोच. मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून तो सतत पाण्यात सोडतो. उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही तो होतो. ओढ्यात, तळ्यात पाणी भरपूर आणि तिथे तो खाऊन टाकणारे जिवाणू असतात. आपल्या नव्या, घासूनपुसून चकचकीत केलेल्या टाकीत ते जिवाणू नसल्यात जमा. मग मासा स्वतःच्याच घाणीत भाजून निघतो.

हे जिवाणू तुम्हाला अनोळखी नाहीत. शेतात युरिया टाकला की त्याचा आधी अमोनिया होतो आणि मग जमिनीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे पीक उचलतं. टाकीतही तेच घडतं, दोन पायऱ्यांनी. एक जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. हे नायट्राइटही विषारीच, त्याने माशाच्या रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते माशाला बरंच सोसतं आणि आपण पाणी बदलून काढून टाकतो. हे दोन्ही जिवाणू टाकीत वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. थंडीत जास्त.

हे आम्ही बैठकीत सांगितलं तेव्हा सहा आठवडे ऐकून सगळ्या गप्प झाल्या. तेव्हा आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "अगं, गोबरगॅस बांधला तेव्हा पहिल्या दिवशी शेण कालवून टाकलं आणि संध्याकाळी चहा ठेवला का? किती दिवस वाट बघितली आपण." बास, तिथे सगळ्यांना समजलं. आमची अर्धी तासाची बडबड वाया गेली होती.

आता करायचं कसं ते सांगतो.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ 55 लिटरच्या आसपास पाणी मावतं. टाकी साबणाने धुवायची नाही, नुसत्या पाण्याने. नळाच्या पाण्यात टीसीएल असेल तर उघड्या टोपात किंवा ड्रममध्ये एक दिवस-रात्र ठेवा, हवा सोडता आली तर उत्तम. ते माशांना मारतं आणि आपल्याला हवेत त्या जिवाणूंनाही मारतं. घाई असेल तर दुकानात अँटिक्लोर मिळतं, पाकिटावर लिहिलंय तेवढंच घाला. बोअरच्या पाण्यात टीसीएल नसलं तरी प्राणवायू कमी असतो, तेही हलवून, हवा देऊन वापरा.

मग स्पंजचा फिल्टर लावा. हवेच्या पंपावर चालतो तो साधा, स्वस्त फिल्टर. जिवाणूंचं घर म्हणजे हा स्पंज. तो आणि पंप दिवसरात्र चालू ठेवायचा. आणि रिकाम्या टाकीत, मासे नसताना, रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं. शेजारणी हसतील. आम्हालाही हसल्या, "मासे नाहीत आणि जेवण कुणाला वाढताय?" पण ते खाणं कुजून अमोनिया तयार झाला नाही तर जिवाणू काय खाऊन वाढणार?

पाणी आठवड्यातून दोनदा तपासा. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरायला लागतो आणि नायट्राइट चढतं, मग तेही उतरतं. मध्येच पाणी गढूळ, पांढरट होतं, घाबरून सगळं ओतून देऊ नका. खाणं टाकल्यावर दुसऱ्या दिवशी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, आणि नायट्रेट दिसलं, की टाकी तयार. थेंबांची किंवा पट्ट्यांची ही सामग्री महाग वाटते, पण तीन गटांत मिळून एक घेतली तरी चालते. आम्ही तशीच घेतली आहे.

यात विरजणासारखी एक सोय आहे. कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरचा स्पंज तुमच्या टाकीत पिळा, किंवा त्याचा तुकडाच आणून ठेवा. ओला आणा, वाळू देऊ नका. काम बरंच लवकर होतं. मात्र ज्या टाकीत मासे आजारी आहेत तिथलं विरजण नको.

पुढे स्पंज घाण झाला की नळाखाली धुवू नका. टाकीतून काढलेल्या पाण्यात बादलीत दोन-चारदा दाबायचा आणि परत लावायचा. एका गटाच्या ताईंनी तो पांढराशुभ्र निघेपर्यंत नळाखाली चोळला. आपल्याला भांडी लख्ख घासायची सवय ना! सगळे जिवाणू गटारात गेले आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर आली.

लाईट गेली तर? आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकात नसतो पण घरात असतो. तास-दोन तास चालतं. जास्त वेळ गेली तर तांब्याने टाकीतलंच पाणी घेऊन थोडं वरून परत ओता, अधूनमधून करत राहा, त्याने हवा मिसळते. त्या दिवशी खाणं घालू नका. बॅटरीवरचा छोटा पंप मिळतो, जिथे दिवसभर लाईट नसते तिथे तो घ्यायलाच हवा.

आता पहिला मासा कोणता. आमचं मत स्पष्ट आहे, गप्पी. हिवतापाचे कर्मचारी डासांच्या अळ्या खायला साचलेल्या पाण्यात सोडतात तो गप्पी. दुकानात मिळतो तो त्याचाच रंगीत, मोठ्या शेपटीचा भाऊबंद. मॉली आणि प्लॅटीही चालतील. ज्या पाण्याने भांड्यावर पांढरा थर बसतो ते आपलं जड पाणी या तिघांना मानवतं. पण एक ध्यानात ठेवा, असं पाणी बहुधा अल्कधर्मी असतं आणि त्यात अमोनिया जास्त जहाल होतो, म्हणून टाकी तयार होण्याआधी गप्पीसुद्धा नको.

गोल्डफिश सगळ्यांना हवा असतो. तो घाण फार करतो आणि वाढतो मोठा, पहिल्या टाकीला नकोच. काचेच्या गोल भांड्यात तर कुणीच ठेवू नये. निऑन टेट्रा दिसायला सुंदर पण त्याला मऊ पाणी लागतं. आणि शेवाळ खातो म्हणून सकर मासा देतात, तो फूटभर होतो. मग लोक कंटाळून नदीत सोडतात आणि आपल्या भोयांच्या जाळ्यात तोच काटेरी मासा येत राहतो. टाकीतला कुठलाही मासा ओढ्यात, नदीत सोडू नका. गप्पीही परदेशीच आहे, तो कुठे सोडायचा ते आरोग्य खात्याने ठरवावं.

पहिल्या खेपेला 55 लिटरच्या टाकीत सहाच गप्पी, दोन नर आणि चार माद्या. पिशवी आधी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या, मग त्यात टाकीचं पाणी थोडं थोडं घाला, आणि मासे जाळीने उचलून सोडा. दुकानाचं पाणी टाकीत ओतू नका. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. दोन आठवडे पाणी तपासून सगळं ठीक असेल तर आणखी आणा. मध्येच मासे वर येऊन धापा टाकायला लागले तर खाणं बंद करा आणि लगेच तिसरा हिस्सा पाणी बदला, टीसीएल काढलेल्या पाण्याने.

आता पैशाचं, कारण खरी गोम इथे आहे. दीड महिना टाकी तयार व्हायला. मग मासे. गप्पीची मादी साधारण चार आठवड्यांनी पिल्लं देते. ती विकण्याजोगी व्हायला आणखी तीनेक महिने. म्हणजे टाकी घेतल्यापासून पहिला पैसा हातात यायला सहा-सात महिने. आणि आपलं अंतर्गत कर्ज पुढच्याच महिन्यापासून हप्ता मागतं. आम्हाला रविवारी मासे आणायची घाई होती ती त्या हप्त्यामुळेच. हे आम्ही बैठकीत कबूल केलं, तेव्हा कुठे वहिनींवरचा आळ उतरला. आम्ही दोघी-तिघी त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आलो. आज टाक्या पुन्हा त्यांच्याच पडवीत आहेत आणि पाण्याची वही त्याच लिहितात.

म्हणून आता आमच्या गटाने ठराव केला आहे. या धंद्याचं कर्ज दोन टप्प्यांत द्यायचं, आधी टाकी-पंपापुरतं, आणि माशांचे पैसे पाण्याची वही बघूनच. पहिले सहा महिने फक्त व्याज घ्यायचं. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना 2020 मध्ये सुरू झाली, तिच्यात घरामागे शोभिवंत मासे पाळण्याचा घटक आहे आणि महिलांना 60 टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवलेलं आहे. सध्या अर्ज घेतात का, कागद कोणते, हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारूनच पुढचं ठरवा. अनुदान येईल या भरवशावर टाक्या मागवू नका.

येत्या ग्रामसंघाच्या बैठकीला आम्ही तपासणीचे थेंब घेऊन येणार आहोत. ज्यांना हा धंदा करायचाय त्यांनी आपल्या नळाचं, विहिरीचं किंवा बोअरचं पाणी स्वच्छ धुतलेल्या बाटलीत घेऊन या, आणि बाटलीवर नाव लिहा. मागच्या वेळी सात बाटल्या आल्या आणि कुणाची कुठली ते कुणालाच आठवेना.