चुलीचा एक दगड हलला की

बैठकीत हप्ते जमा होतात, वही लिहून होते आणि मग कुणीतरी हळूच म्हणतं, "घरी जावंसंच वाटत नाही." आज त्याबद्दल बोलू.

आमच्या एका ताईंच्या घरची गोष्ट, त्यांना विचारूनच सांगतो. सासरे वारले. घरचा व्यवहार मुलाकडे आला. सून गटाचं कर्ज घेऊन शिलाई करू लागली. सासूबाई म्हणायच्या, "मला आता कोण विचारतंय?" सून म्हणायची, "राबायचं आणि वर बोलणी खायची." मुलगा दोघींच्या मधे गप्प. शाळेत जाणाऱ्या नातीचं रोज पोट दुखायचं. तपासणीत काही निघालं नाही, तेव्हा डॉक्टरांनीच सगळ्यांना समुपदेशकाकडे पाठवलं.

आम्ही सोबत गेलो. वाटलं, पंचांसारखा निवाडा होईल. पण तिथं चूक कुणाची, हे विचारलंच नाही. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मग समोरचा काय म्हणाला, ते आपल्या शब्दांत सांगायचं. सून म्हणाली, "आत्याबाईंना वाटतं, मामंजींबरोबर आपला मानही गेला." सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

चार-पाच वेळा जावं लागलं. ठरलं असं: बाजारहाटाचे पैसे सासूबाईंकडे, शिलाईचे सुनेकडे, आणि रविवारी तिघांनी बसून हिशेब करायचा. भांडण आजही होतं, पण अबोला राहत नाही. नातही शाळेत रमली.

बायांनो, चुलीचा एक दगड हलला की भांडं कलतं. दोष भांड्याचा नसतो, तिन्ही दगड पुन्हा बसवावे लागतात. मरण, लग्न, वाटणी, नवी कमाई, यांनी घरातल्या सगळ्यांच्याच जागा हलतात. समुपदेशकाकडे जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे.

मात्र जिथं मारहाण किंवा धमकी आहे, तिथं आधी बाईचा जीव सांभाळायचा, समेट नंतर. तेव्हा 112 किंवा महिलांसाठीचा 181 लावा. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी मदत करतात.

मन जड झालं असेल तर टेली-मानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलता येतं. समुपदेशनासाठी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात चौकशी करा.

हे तिन्ही नंबर आजच गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या बैठकीत आम्ही वही बघणार आहोत.