आजची रात्र बरी जावी

बारामती-इंदापूरकडं कॅन्सरच्या रुग्णाला ‘आता घरी न्या’ म्हटलं, की घरचे हबकतात. पण शुश्रूषा तिथं संपत नाही. अशाच रुग्णांसाठी वांद्र्याला १९८६ साली शांती आवेदना सदन सुरू झालं. पुण्यात वारज्याला १९९७पासून सिप्लाचं असंच केंद्र आहे, सेवा मोफत. अशा ठिकाणच्या सिस्टर ड्रेसिंग करतात, कूस बदलून देतात, कोरडं तोंड ओलं करतात. कळ शमली, की एखादे आबा उसाच्या तोडीबद्दल, मुलाशी धरलेल्या अबोल्याबद्दल बोलू लागतात. मरण किती लांब, यापेक्षा आजची रात्र कशी जाईल, हेच मग सिस्टरना मोठं वाटतं. मला तरी हा हिशेब पटतो. कळ शमवणाऱ्या मॉर्फिनला मात्र लोक उगाच भितात. ते डॉक्टरांनी ठरवलेल्या वेळीच द्यायचं, कळ उठायची वाट बघायची नाही. त्यानं पोट साफ होत नाही, म्हणून त्यावरचं औषधही सोबत विचारून घ्यावं.